निळा रकाना

भोपाळ,
१४ जानेवारी १९९९

ती. दादास,

नमस्कार. आज संक्रांत. सुलभानं सकाळी तिळगुळाची पुडी बांधून दिली, दरवर्षीसारखी तुझ्या पाकिटात घालायला. मी ती घातली नाही. गोड बोला म्हणून तीळ पाठवायचे आणि त्याच पाकिटात हे पत्र घालायचं, एवढं खोटं मला जमणार नाही.

इकडे सगळे ठीक. थंडी कडाक्याची आहे. सुलभाचे गुडघे धरतात, पण तिची कामं थांबत नाहीत. कारखान्यात पुन्हा स्वेच्छानिवृत्तीची कुजबुज चालू आहे, आमच्या विभागाला अजून काही आलेलं नाही. वहिनींनी पाठवलेलं लिंबाचं लोणचं मुरलंय चांगलं, त्यांना सांग. त्यांच्याशी माझं काही नाही. त्यांना नमस्कार.

आता तुझ्याशी.

रविवारी स्पर्धा संपल्यावर तू परस्पर स्टेशनवर गेलास. कम्युनिटी हॉलपासून माझं क्वार्टर चालत सात मिनिटांवर. सुलभानं तुझ्यासाठी भरली वांगी आणि ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या. ती सहापर्यंत जेवली नाही. मग वासंतीच्या क्लासचा उदय निरोप घेऊन आला की भालचंद्र सरांची, म्हणजे तुझी, गाडी होती, थांबता आलं नाही. दादा, तुझ्या इटारसीला जायला भोपाळहून किती गाड्या असतात ते तुलाही माहीत आहे आणि मलाही. तू पळालास. मोठ्या भावाबद्दल हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय. लिहून झाल्यावर पुन्हा वाचून पाहिला. खोडावासा वाटला नाही.

तू तिथेच होतास, तरी मी सगळं लिहिणार आहे. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तुला काय दिसलं ते मला ठाऊक नाही, पण मला काय दिसलं ते तुला कळलंच पाहिजे.

वासंती नऊ वर्षांची असल्यापासून उदयच्या क्लासला जाते. आठवड्यातून चार दिवस, संध्याकाळी साडेपाच ते सात. परीक्षा असो, पाहुणे असोत, तिचा क्लास बुडाला नाही. पहिला ड्रेस जवाहर चौकातल्या शिंप्याकडून शिवून घेतला होता. त्याला तायक्वांदो काय ते ठाऊक नव्हतं, त्यानं पायजम्याला नाडीऐवजी बटणं लावली. पोर त्याच ड्रेसवर वर्षभर शिकली. तिनं हे सुरू केलं ते कुणामुळे? तुझ्यामुळे. तू शाळेत व्यायाम शिकवता शिकवता ह्या खेळाच्या पंचाची परीक्षा दिलीस, दिवाळीत इथे आलास आणि अंगणात तिला उभं राहायला शिकवलंस. "मोठेबाबांनी शिकवलं," असं ती अजून सगळ्यांना सांगते. म्हणजे रविवारपर्यंत सांगत होती.

हे तिचं त्या वयोगटातलं शेवटचं वर्ष. कारखान्यांच्या वसाहतींच्या विभागीय स्पर्धेत प्रत्येक वजनातल्या पहिल्या दोघीच पुढे राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. उपांत्य लढत जिंकली की ती जाणार, एवढा साधा हिशेब होता. तिला सुवर्णपदक नको होतं. तिला एकदा भोपाळबाहेर पाठीवर विभागाचं नाव लावून मॅटवर उभं राहायचं होतं.

मी संघाचा मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे काय, तर नावं भरायची, वजनाच्या वेळी मुलींबरोबर उभं राहायचं, केळी आणि ग्लुकोजचं पाणी सांभाळायचं, आणि जिथे सही लागेल तिथे सही करायची. उपांत्य लढतीच्या वेळी एक पंच आलेच नाहीत. मग तुला बोलावलं. तू येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलास. टेबलावरच्या यादीत तुझं आडनाव देशकर, निळ्या बाजूच्या मुलीचं आडनाव देशकर. तू सांगायला हवं होतंस की ही माझी पुतणी आहे, मी ह्या लढतीला बसत नाही. एक वाक्य. तू ते बोलला नाहीस.

मग लाल बाजूचा प्रशिक्षक, तो सोनेरी चष्म्यावाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अरे भाई, ताऊजी कुर्सी पे बैठे हैं. लड़की का मेडल तो घर में ही बन गया." हॉलमध्ये लोक हसले. मी तुझ्याकडे पाहिलं. तुझे कान लाल झाले होते. लहानपणापासून तुझे कान मला माहीत आहेत. लढत सुरू व्हायच्या आधीच तू ठरवलं होतंस, दादा. त्या माणसाला उत्तर द्यायचं तू ठरवलंस आणि ते उत्तर वासंतीच्या खात्यातून दिलंस.

मशीन नव्हतं, म्हणून तीन पंचांच्या हातात कागद होते. एक लाल रकाना, एक निळा. किक नीट बसली की त्या रंगाच्या रकान्यात रेघ मारायची, शेवटी बेरीज, आणि तिघांपैकी दोघं ज्याच्या बाजूचे तो जिंकला. शाळेतल्या पोरालाही समजेल.

दुसऱ्या फेरीत तिनं मागचा पाय फिरवून मारला. लाल मुलीच्या बरगडीवर, चेस्ट गार्डच्या बरोबर मधे. नीट बसलेल्या किकचा आवाज तुला मी सांगायला नको. भिजलेली सतरंजी काठीनं झोडपावी तसा तो आवाज असतो. पलीकडे चहा पीत बसलेल्या बायकांनी वळून पाहिलं. उरलेल्या दोघा पंचांच्या पेन्सिली हलल्या. तुझी हलली नाही. मला वाटलं, असेल, कोपरा आड आला असेल.

तिसऱ्या फेरीत शेवटचे वीस सेकंद उरले असताना पुन्हा तीच किक, त्याच जागी. ह्या वेळी ती तुझ्या समोर होती, तुझ्यापासून दोन हातांवर. लाल मुलगी वाकून रेषेबाहेर गेली. तू समोर पाहत होतास. पेन्सिल मांडीवर आडवी ठेवलेली होती.

रेफरीनं लाल बाजूचा हात वर केला. वासंतीनं रीतीप्रमाणे तिन्ही पंचांना वाकून नमस्कार केला. तुलाही केला. तुला तर जरा जास्तच वाकून, असं मला वाटलं, पण तो माझ्या मनाचा खेळ असेल.

नंतर मी टेबलावर जाऊन कागद पाहिले. एका पंचाचा निळा चार, लाल तीन. दुसऱ्याचा लाल चार, निळा तीन. तुझा लाल तीन, निळा दोन. त्या दोन किक लिहिल्या असत्यास तर निळा चार झाला असता आणि पोरगी जिंकली असती. तुझा कागद ओळखायला नाव वाचावं लागलं नाही. वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात 'श्री' होता. गावच्या शाळेत गुरुजींनी लावलेली सवय, कोरा कागद हातात आला की आधी श्री. वर श्री आणि खाली खोटा आकडा. माझ्या ह्या पत्रावर श्री नाही ते तुझ्या लक्षात आलंच असेल. ह्या रागावर देवाचं नाव घालायला मला भीती वाटली. तुला त्या कागदावर नाही वाटली.

उदयनं आक्षेपाचा फॉर्म आणला होता, पण वेळ निघून गेली. ते असो.

मला आपल्या शाळेची आठवण येते आहे. तू सातवीत मॉनिटर, मी तिसरीत, एकाच लांब खोलीत दोन्ही वर्ग. गुरुजी पोस्टात गेले की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम तुझं. सगळ्यात वर नेहमी माझं नाव असायचं. मी बोललो नसलो तरी. भावाला सोडलं असं कुणी म्हणू नये म्हणून. गुरुजी मला दोन छड्या द्यायचे, आणि संध्याकाळी पारावर लोक म्हणायचे, देशकरांचा भालचंद्र बघा कसा न्यायी, सख्ख्या भावाला सोडत नाही. बाबा ते ऐकून खूश व्हायचे. खरं सांगतो, मलाही अभिमान वाटायचा. हातावर वळ घेऊन मी पोरांना सांगायचो की माझा दादा असा आहे.

आता मला पन्नासावं लागेल. आता मला कळतं की त्या न्यायाला तुझा एक पैसा खर्च झाला नाही. छड्या मी खाल्ल्या, नाव तुझं झालं. आणि रविवारी तू तेच केलंस, फक्त ह्या वेळी माझ्या जागी माझी मुलगी होती.

आपल्या माणसाला झुकतं माप द्यायचं नाही, हे मला मान्य आहे. ते पाप आहे. पण आपल्या माणसाचं माप मारणं हे पुण्य कधीपासून झालं? मी सव्वीस वर्षं तपासणी विभागात गेज लावून सुट्या भागांची मापं तपासतो. एखादं गेज जास्त दाखवतं, एखादं कमी. कमी दाखवणारं गेज सज्जन आहे असं म्हणून आम्ही ते ठेवून घेत नाही. दोन्ही भंगारात जातात. तू ज्याला सचोटी म्हणतोस ती भित्री बढाई आहे. लोक काय म्हणतील ह्याची भीती, आणि लोकांनी वाहवा म्हणावं ह्याची हाव.

वासंती सोमवारपासून क्लासला गेलेली नाही. शाळेत जाते, जेवते, विचारलं तर उत्तर देते. परवा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिनं विचारलं, "बाबा, माझ्या पायाला तर लागलं होतं ना. मग माझा पाय झूठ बोलतो का?"

मी तिला सांगितलं की लागली होती. ती म्हणाली, तुम्ही बाबा आहात, तुम्ही तसंच म्हणणार. मोठेबाबा पंच आहेत, त्यांना समोर दिसत होतं. त्यांनी नाही लिहिली म्हणजे नसेल लागली.

ऐकलंस? तिचा माझ्यावर नाही, स्वतःच्या पायावर नाही, तुझ्यावर विश्वास आहे. हरली ह्याचं मला फारसं वाटत नाही, पोरं हरतात. पण सात वर्षं शिकून जे तिच्या अंगात उतरलं होतं त्याच्यावरचाच तिचा भरवसा तू काढून घेतलास. ती आता रात्रंदिवस तो पाय आठवते आणि स्वतःशी भांडते. अशा मुलीनं पुन्हा मॅटवर कसं उभं राहायचं?

म्हणून एकच मागणं आहे. तिच्या नावानं एक ओळ लिही. किक लागली होती की नव्हती. माफी नको, उपदेश नको, 'खेळात हारजीत असायचीच' तर अजिबात नको. लागली, किंवा नाही लागली. त्या खुर्चीत जे लिहिलं नाहीस ते आता लिही.

ते लिहीपर्यंत ह्या घरी येऊ नकोस. हे मी सुलभाला विचारून लिहिलेलं नाही.

नीळकंठ


भोपाळ,
२८ जानेवारी १९९९

दादा,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. तीन दिवस उत्तर लिहिलं नाही. आधीच्या पत्रासारखं घाईघाईत लिहिलं असतं तर पुन्हा अर्धंच लिहिलं असतं.

तुझं पत्र माझ्या नावानं आलं. मी मागितलं होतं तिच्या नावानं. तू मला लिहितोस की दोन्ही किक लागल्या होत्या, दुसरी तर डोळ्यासमोर होती, आणि 'ताऊजी' हा शब्द कानात असल्यामुळे हात उचलला नाही. आणि पुढे लिहितोस की वासंतीला तू सांग, मला धीर होत नाही. त्रेपन्न वर्षांच्या माणसाला सोळा वर्षांच्या पोरीला एक ओळ लिहायचा धीर होत नाही. मी हे वाचलं आणि पत्र पोळपाटावर आपटलं. सुलभा पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, अहो, त्यात आणखी काय लिहिलंय ते वाचा, नुसतं आपटू नका.

आणखी काय लिहिलंय ते मी आधीच वाचलं होतं. म्हणूनच तर आपटलं.

तू लिहितोस, "नीळू, मी चुकलो. पण फॉर्म तुझ्या हातात होता. मी खुर्चीतून तुझ्याकडेच बघत होतो, की आता तू सही करशील."

सुलभाला मी फॉर्मचं काहीच सांगितलं नव्हतं. तिला ते तुझ्या पत्रातून कळलं. ती पोळी उलटायची विसरली. करपल्याचा वास आला तेव्हा तव्याकडे वळली.

मागच्या पत्रात मी 'वेळ निघून गेली' असं लिहिलं. वेळ निघून जात नसते. मी ती जाऊ दिली. कसं ते आता लिहितो, कारण ते तुला अर्धवटच माहीत आहे.

निकालानंतर आक्षेप घ्यायला दहा मिनिटं असतात आणि फॉर्मवर मॅनेजरची सही लागते, प्रशिक्षकाची चालत नाही. उदय पळत जाऊन फॉर्म घेऊन आला. त्यानं सगळं भरलं होतं, लढतीचा क्रमांक, वजनगट, कारण. त्यानं मला पेनही उघडून दिलं. "काका, सही करा, टाइम निघून राहिला," म्हणाला. फॉर्मवर एक रकाना होता, कोणत्या पंचाबद्दल आक्षेप. त्यात त्यानं तुझं पूर्ण नाव लिहिलं होतं, बाबांच्या नावासकट. बाबांचं नाव तिथे वाचलं आणि माझा हात थांबला.

आपल्या घरात तुझ्यासमोर कुणी आवाज चढवला नाही. मी नाही, आईनं नाही, शेवटी शेवटी बाबांनीही नाही. भर हॉलमध्ये, आमच्या कारखान्यातली अर्धी माणसं बसलेली असताना, मी माझ्या मोठ्या भावाविरुद्ध कागद द्यायचा? तो चष्मेवाला पुन्हा हसेल, म्हणेल, घरातच फूट पडली. मी उदयला म्हणालो, थांब, विचार करू दे. मी फॉर्मची घडी घातली. उदय माझ्यासमोर उभा राहून घड्याळ बघत होता. एकदा म्हणाला, पाच मिनिटं. मग म्हणाला, दोन. मग मुलींचं सामान आवरायला निघून गेला. मी घडी खिशात घातली.

तू म्हणतोस तू माझ्याकडे बघत होतास. मीही तुझ्याकडे बघत होतो, दादा. मला वाटत होतं तू उठशील, टेबलापाशी जाशील आणि सांगशील की माझी चूक झाली. दहा मिनिटं दोन म्हातारे होत चाललेले भाऊ एकमेकांकडे बघत बसले, की समोरच्यानं शूर व्हावं. आणि ती मधे उभी होती, हेल्मेट काखेत धरून.

अजून एक लिहायचं राहिलं. तू त्या खुर्चीत येऊन बसलास तेव्हा तू उठायला हवं होतंस असं मी लिहिलं. तेव्हा मला तसं काही वाटलं नव्हतं. तेव्हा मला बरं वाटलं होतं. घरचा माणूस आहे, दोन रेघा इकडे तिकडे झाल्या तर आपल्याकडेच होतील. हे मी त्या वेळी मनात म्हणालो, इतक्या स्पष्ट शब्दांत म्हणालो. म्हणजे मला न्याय नको होता. तू न्याय केला नाहीस म्हणून मी चार पानं लिहिली, आणि मी स्वतः गेलो होतो झुकतं माप घ्यायला. मी मॅनेजर होतो, पंचाशी नातं आहे हे टेबलाला सांगणं माझंही काम होतं. मीही गप्प बसलो.

ह्याहून वाईट पुढे आहे. ते लिहिताना मला शरम वाटते.

दहा मिनिटं संपल्यावर वासंती माझ्याकडे आली. तिनं उदयच्या हातात फॉर्म पाहिला होता. तिनं विचारलं, "बाबा, सही केली?" आणि मी तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणालो, "देवाच्या मनात नव्हतं, बेटा."

दादा, मी रोज पहाटे उठून पूजा करतो. तीस वर्षं माझी माळ चुकलेली नाही. कुणाला दाखवायला मी ते करत नाही, कारखान्यात तर कुणाला माहीतही नाही. आणि त्या दिवशी माझा भित्रेपणा लपवायला मला दुसरं कुणी सापडलं नाही, देव सापडला. देवाला काय पडलं आहे सेहेचाळीस किलोखालच्या मुलींच्या लढतीत? देवाच्या मनात काय होतं ते मला कुठून कळलं? माझ्या मनात जे होतं ते मी त्याच्या नावावर खपवलं. तू कागदावर श्री लिहिलास म्हणून मी तुला बोललो. मी तर पोरीच्या डोक्यावर हात ठेवून तेच केलं. आणि तिनं मान हलवली. तिनं ते मानलं. बाबांना देवाचं कळतं, असं तिला वाटतं.

त्या दिवसापासून पूजेला बसलो की हात चालतात, पण तोंडातून शब्द निघत नाहीत. मी देवावर रागावलेलो नाही. माझ्यावर आहे आणि तुझ्यावर आहे, आणि ह्या दोन रागांतला एक कमी झाला की दुसरा वाढतो.

काल संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. ती रसायनशास्त्राची प्रयोगवही पुरी करत होती. मी समोर बसलो आणि वही मिटायला सांगितली. तुझं पत्र वाचून दाखवलं, तुझी ती ओळसुद्धा, माझ्या फॉर्मबद्दलची. मग खिशातली घडी, मग देवाच्या मनातलं. काही गाळलं नाही. मधे एकदा सुलभा दारात आली होती, तिनं आत पाऊल टाकलं नाही.

वासंती रडेल असं मला वाटलं होतं. रागावली असती तर तेही चाललं असतं. ती बराच वेळ पट्टीनं टेबलाची कड घासत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हा दोघांनाही दिसली होती."

मी हो म्हणालो.

"मग मी पंधरा दिवस माझ्या पायाशी कशाला भांडत होते?"

ह्याचं उत्तर तुझ्याकडे आहे का? असेल तर कळव. तिनं वही पुन्हा उघडली आणि मला म्हणाली की आता लिहायचंय, दिवा माझ्याकडे सरकवा. मी दिवा सरकवला आणि उठलो.

आज सकाळी सुट्टी टाकून मी तायक्वांदो संघटनेच्या कार्यालयात गेलो. लेखी निवेदन दिलं. त्यात लिहिलं आहे की उपांत्य लढतीतले एक पंच निळ्या बाजूच्या खेळाडूचे सख्खे काका होते, ते त्यांनी सांगितलं नाही आणि संघाच्या मॅनेजरनंही सांगितलं नाही; निळ्या बाजूच्या दोन किक त्यांनी पाहूनही नोंदवल्या नाहीत, हे त्यांच्या हातच्या पत्रात त्यांनी कबूल केलं आहे; आणि मॅनेजरनं आक्षेपाचा फॉर्म हातात असून नात्यापोटी सही केली नाही. तुझं नाव पूर्ण लिहिलं आहे, माझंही. आपल्या दोघांच्या नावांत बाबांचं नाव येतं, ते येऊ दिलं. तुझ्या पत्राची नक्कल जोडली आहे. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास, असं मी धरून चाललो आहे.

सचिव जुने ओळखीचे. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "देशकर जी, घर की बात घर में रखिए. रिज़ल्ट तो अब बदलेगा नहीं." मी म्हणालो, निकाल बदलायला आलेलोच नाही, आवकचा शिक्का मारा. त्यांनी बराच वेळ शिक्का सापडत नसल्यासारखं केलं. मी उभा राहिलो. शेवटी मारला. तुझं नाव पंचांच्या यादीतून जाईल बहुतेक. मॅनेजरपद मी सोडल्याचं त्याच कागदात लिहिलं आहे. तुला राग येईल. येऊ दे. तुझ्या रागाला मी आयुष्यभर भ्यालो, आणि त्याची किंमत दुसऱ्या कुणीतरी दिली.

राष्ट्रीय स्पर्धेला ती लाल मुलगी जाईल. जावो, ती चांगली खेळते, तिचा काही दोष नाही. वासंतीचं हे वर्ष गेलं, ते मी आणि तू मिळून घालवलं. आज संध्याकाळी ती क्लासला गेली. मला न सांगता गेली. खुंटीवर ड्रेस नव्हता म्हणून कळलं. हॉलच्या खिडकीतून बघायची इच्छा झाली, पण गेलो नाही.

तू मला लिहिलेल्या पत्रानं तिचं काम होत नाही. तिला मी विचारलं, मोठेबाबांनी तुला वेगळं लिहावं असं अजून वाटतं का. ती म्हणाली, हो. त्यांनी त्यांच्या अक्षरात, तिच्या नावानं. पण ते घरच्या पत्त्यावर नको. का, म्हणून विचारलं, तर तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "घरी आलं तर आधी तुम्ही वाचाल. आणि मग मला द्यायचं की नाही ते ठरवाल."

मी तसं करणार नाही, असं आता मी म्हटलं तरी तिनं ते का मानावं?

म्हणून पत्ता लिहून घे. कु. वासंती देशकर, द्वारा श्री. उदय लाखे, ए ११४, अयोध्या नगर, भोपाळ. उदयला तिनंच विचारून ठेवलं आहे. पाकीट चिकटवून पाठव. त्यात काय लिहिलंस ते मला कळवू नकोस. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल, आणि नाही सांगितलं तर मला विचारायचा हक्क उरलेला नाही.

तुझा धाकटा भाऊ,
नीळकंठ